पोटातली पाहुणी

मेणाच्या डब्याचं झाकण उघडत नव्हतं, एवढंच झालं होतं. रोज उघडायचं ते. स्पिरिटची बत्ती पेटलेली होती, समोर प्लॅस्टरचा जबडा आ वासून बसला होता, आणि माझी बोटं झाकणावरून नुसती घसरत होती. मालक शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी दाढा घासत होते. त्यांच्या लक्षात यायच्या आत काम उरकावं म्हणून मी डबा दोन्ही मनगटांच्या मध्ये दाबून धरला आणि झाकण दातांत पकडायला मान खाली घातली. बाहेर आभाळ भरून आलं होतं, त्यामुळे समोरची काच आरशासारखी झाली होती. त्या काचेत माझी आई बसली होती. मनगटांत डबा धरून, खांदे आत ओढून, मान पुढे काढून, खार बसते तशी. क्षणभर मला खरंच वाटलं की ती घरून चालत आली आणि माझ्या खुर्चीत येऊन बसली. मग मालकांनी न बोलता हात पुढे केला, झाकण उघडून दिलं आणि परत दाढा घासायला लागले. काहीतरी बोलले असते तर बरं झालं असतं.

मी दात करते. म्हणजे दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. डॉक्टर लोक तोंडाची मापं पाठवतात, त्यांच्यात प्लॅस्टर ओतून जबडा काढायचा, त्यावर मेणाची हिरडी चढवायची, तिच्यात एकेक दात बसवायचा आणि मग गरम चाकूनं मेण कोरत कोरत ते दात त्या माणसाचे वाटतील असं करायचं. माणूस मला कधी दिसत नाही. दिसतो तो त्याचा चावा. कोण एकाच बाजूनं चावतो, कोण झोपेत दात खातो, कोणाच्या पुढच्या दातांत सुई धरून धरून खाच पडली आहे, हे जबडा हातात घेतला की कळतं, आणि तेवढ्यावरून उरलेला माणूस मी मनातल्या मनात उभा करते. ही खोड जुनी आहे आणि तिनं मला अनेकदा तोंडघशी पाडलं आहे. एकदा झिजून सपाट झालेल्या दाढांवरून मी एक विधुर शिक्षक तयार केला होता. अबोल, गळ्यापर्यंत बटणं लावणारा, खिडकीत बसून पत्रं फाडणारा. महिनाभर मी त्याच्यासाठी हळहळले. कवळी न्यायला एक जाडजूड बस-ड्रायव्हर आला. सोबत बायको होती, दोघं शेंगदाणे खात होते, आणि तो एवढ्या मोठ्यानं हसला की टेबलावरचे जबडे हलले. तरी खोड गेली नाही. खरा माणूस निघून गेला आणि माझा शिक्षक तिथंच राहिला.

आईला हा आजार लागला तेव्हा मी शाळेत जायला लागले होते. सांधे धरायचा आजार, पण म्हातारपणाचा नव्हे. अंगातली राखणच अंगावर उलटते, घरच्याच कुत्र्यानं घरच्यांना चावावं तसं. तिची बोटं एका बाजूला कलत गेली, शेतात वाऱ्यानं गवत आडवं होतं तशी. मग तिनं माझी वेणी घालणं सोडलं, मग बटणं, मग हात धरणं. कप ती मनगटांत धरायची. चहा सांडला की रागवायची, आणि तो राग कपावर नसून माझ्यावर असायचा, कारण मी बघत होते. तिचा स्वभाव बोटांमुळे तसा झाला की बोटं स्वभावामुळे, हे मला कधी उलगडलं नाही. मला एवढंच ठाऊक होतं की मला तिच्यासारखं व्हायचं नाही. दुखण्याची मला भीती नव्हती. दुखणाऱ्या माणसाचं तोंड कसं होतं ते मी रोज जेवताना समोर पाहिलं होतं. त्या तोंडाची भीती होती. आणि आता काचेत ते माझ्याच मानेवर बसलं होतं.

मालक चांगले आहेत. चार दिवसांनी त्यांनी मला चहा पाजला आणि सांगितलं की ताई, पुढच्या वर्षी कोरायचं मशीन येतंय, तुम्ही मग पुढे काउंटरवर बसा, पार्सलं घ्या, तुम्हालाही आराम. मी हो म्हटलं. आराम हा शब्द लोक मला इतक्या मायेनं ऐकवतात की भांडायलासुद्धा जागा राहत नाही. त्या संध्याकाळी मी टेबलापाशी बसून एक सुळा कोरला. एरवी त्याच्याकडे न बघता कोरला असता. तो सुळा दाढेसारखा दिसत होता.

मोठ्या हॉस्पिटलातल्या सांध्यांच्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या, बोलताना पेनाचं टोपण चावणाऱ्या. त्यांच्या पुढच्या दाताचा कोपरा त्यानंच उडालेला. नेहमीच्या गोळ्यांनी माझं निम्मं दुखणं थांबलं होतं, निम्मं थांबत नव्हतं. त्या म्हणाल्या की अंगातली राखण ही वाईट सवय कुठं शिकते याचा शोध चाललाय आणि बोट पोटाकडे जातंय. आतड्यात अगणित जंतू राहतात, बहुतेक गुणाचे, पण माझ्यासारख्यांच्या पोटात काही गुणाचे नाहीसे झालेले असतात आणि काही भलतेच माजलेले असतात. त्यामुळे त्यांचा एक अभ्यास सुरू होता. धडधाकट माणसाची विष्ठा घ्यायची, तपासायची, धुवायची, गाळायची, गोठवायची, कॅप्सूलमध्ये भरायची आणि आजारी माणसानं ती गिळायची. मी हसले. म्हटलं, डॉक्टर, जन्मभर मी तोंडाची बाजू सांभाळली, दुसऱ्या टोकाशी कधी ओळखसुद्धा करून घेतली नाही. त्याही हसल्या, पण पुढचं त्यांनी अगदी सावकाश सांगितलं. निम्म्या लोकांना परक्या धडधाकट माणसाचं मिळेल, निम्म्यांना त्यांचं स्वतःचंच धुऊन परत मिळेल. कोणाला काय मिळालं हे शेवटपर्यंत कोणालाच कळणार नाही, त्यांनाही नाही. मी विचारलं, माझ्या पोटात आत्ता जे आहेत ते आले कुठून? त्या म्हणाल्या, पुढे खाण्यापिण्यातून भर पडत जाते, पण सुरुवात बहुधा आईकडून होते, जन्मताना. हे ऐकलं आणि मी लगेच तयार झाले. परकं कोणीतरी येऊन तिचं बिऱ्हाड उठवणार असेल तर मला दार उघडायचंच होतं.

कॅप्सूल थंड होत्या. एका पांढऱ्या खोलीत पलंगावर बसवून नर्सनं त्या एकामागून एक दिल्या, प्रत्येकीबरोबर घोटभर पाणी. चव कसलीच नव्हती. घशातून गारवा खाली उतरताना तेवढा कळत होता, चावी लावून कोणी जिन्यात शिरावं आणि पावलं एकेक पायरी खाली जावीत तसा. नंतर तासभर पडून राहायचं होतं. पडद्यामागून उजेड येत होता, कुठंतरी स्ट्रेचरचं चाक करकरत होतं, आणि मला ग्लानी आली. त्या ग्लानीत मला स्पष्ट कळलं की आत कोणीतरी आलंय. चपला काढून बाजूला ठेवल्यात. उभीच आहे, बसू का म्हणून विचारतेय. बाई होती हे मला कोणी सांगावं लागलं नाही. एखादा जबडा हातात घेतल्यावर होतं तेच झालं. इथं तर अख्खी माणसाची आतली बाजूच हाती आली होती. मी तिला बस म्हटलं. दोन गटांची गोष्ट मी विसरले नव्हते, पण पोटात येऊन बसलेल्या माणसाला तू आलीस कशावरून, असं विचारतात का?

पाहुणी सावकाश होती. तिचा सगळा सावकाशपणा मला हळूहळू कळत गेला. तिला घाईनं गिळायला आवडायचं नाही, म्हणून मी चावून खायला लागले. तिला लिंबाची साल आवडायची. मी जन्मात कधी साल चावली नव्हती. आता सरबत करून झालं की साल फेकताना हात थांबायचा, आणि ती कडू आंबट साल दाढेखाली धरून मी खिडकीत उभी राहायचे. लॅबमधून सुटल्यावर सरळ रस्त्यानं न येता ती मला कालव्याच्या कडेनं न्यायची. तिथं कठड्याला टेकून पाणी बघायचं, पाण्यात काही नसलं तरी बघायचं. एखादी बाटली वाहत यायची आणि पुलाखाली नाहीशी व्हायची. मला वाटायचं, ही बाई कुठंतरी याच शहरात असेल, तिला आपला एक भाग इथं कठड्याला टेकून उभा आहे याचा पत्ताही नसेल. कदाचित ती पोहायला शिकवत असेल. कदाचित तिला मोठं घर आणि लहान भांडणं असतील. तिच्या मुली तिच्या अंगावर रेलून बसत असतील आणि ती त्यांना बाजूला हो म्हणत नसेल. समोरून येणाऱ्या बायकांच्या पोटांकडे मी बघायला लागले, हे सांगायलाही लाज वाटते. एक-दोघींनी पदर सारखा केला.

आणि हात सुटायला लागले. एकदम नाही. आधी सकाळचा लाकडीपणा कमी झाला. ब्रश धरता येईपर्यंत चहा निवायचा, तो गरम असतानाच पिता यायला लागला. मग एके दिवशी मूठ मिटली. बसमध्ये दांडी धरताना मिटली आणि मी उतरायचं विसरले. मेणाचा डबा उघडला. मालकांनी बघून न बघितल्यासारखं केलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर अवघड कामांचा ढीग आला. मशीनबद्दल कोणी काही बोललं नाही. आईनं मात्र तक्रार केली. आम्ही दोघी एकाच खोलीत झोपतो, तिला रात्री उठताना हात द्यावा लागतो म्हणून. सकाळी ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली की झोपेत हसत होतीस, माझी झोप मोडली. मला खरं वाटेना. कशी हसत होते म्हणून विचारलं तर म्हणाली, लोक हसतात तशी. पुढे हे वरचेवर व्हायला लागलं. मी मनात म्हटलं, ही पाहुणी आता चांगलीच रुळली. जागेपणी जिला संकोच, ती झोपेत घरभर फिरतेय.

तिच्याच जोरावर मी आईचे दात करायला घेतले. पूर्वी एक कवळी मी तिला करून दिली होती, ती तिनं आठवडाभरात काढून ठेवली. दुसऱ्याचे दात वाटतात, म्हणाली, आणि तेव्हापासून सगळं कुस्करून खाते. मला ते लागलं होतं, कारण ते खरं होतं. माप लॅबमधल्या दुसऱ्या कोणीतरी घेतलं होतं, मी तिच्या तोंडाजवळ गेले नव्हते. या वेळी मी स्वतः घेतलं. रविवारी सकाळी तिला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, साच्यात गुलाबी लगदा भरला आणि बोटं तिच्या तोंडात घातली. इतका मऊ असेल तो आतला भाग, असं मला वाटलं नव्हतं. हिरड्या गरम होत्या, जीभ घाबरून मागे सरली होती. याच तोंडाला मी जन्मभर घाबरत आले. तिनं डोळे मिटले आणि तिचा कललेला हात माझ्या कोपराला येऊन लागला, आधारासाठी, आणि तिथंच राहिला. लगदा घट्ट होईपर्यंत आम्ही तशाच होतो. मला रडू येत होतं आणि मला पक्कं वाटत होतं की हे माझं रडू नाही, माझ्याच्यानं हे झालंच नसतं, हे सगळं ती करतेय.

दात झाले. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं. एक पुढचा दात मी मुद्दाम किंचित तिरका ठेवला, तिच्या जुन्या फोटोत आहे तसा. आईनं ते हातातही घेतले नाहीत. ठेव, बघते नंतर, म्हणाली. मी ते पाण्यात घालून फिरकीच्या झाकणाच्या डबीत ठेवले आणि डबी तिच्या उशाशी फळीवर ठेवली. मी रोज विचारायचे, रोज ती नंतर म्हणायची. पाहुणी असल्यामुळे मला राग येत नव्हता.

मग हॉस्पिटलातून बोलावणं आलं. डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेतलं, टोपण चावलं आणि सांगितलं की अभ्यास संपला, आता कोणाला काय मिळालं ते उघड झालंय.

"तुम्ही दुसऱ्या गटात होतात. तुमचंच तुम्हाला परत दिलं होतं."

मी विचारलं, मग मला बरं कसं वाटलं? त्या प्रामाणिक बाई आहेत. म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही. दोन्ही गटांत काही लोकांना बरं वाटलं, काहींना नाही. फरक आहे असं छातीठोक म्हणण्याइतका आकडा आला नाही, अजून पुष्कळ तपासायला हवं. नेहमीच्या गोळ्या चालूच होत्या, त्या उशिरा लागू पडल्या असतील. हा आजार आपणहून ओसरतोही कधीकधी. आणि परत चढतोही, हे त्या म्हणाल्या नाहीत, पण थांबल्या तिथं ते होतं.

"मग ती कोण होती?" मी म्हटलं.

"कोण?"

मी काही नाही म्हटलं आणि पिशवी उचलली.

घरी येताना सवयीनं कालव्याकडे वळले. कठड्याला टेकले खरी, पण टेकायचं कशाला ते कळेना. पिशवीत कागदात गुंडाळलेली लिंबाची साल होती, सकाळी ठेवलेली. कोणासाठी ठेवली होती? मला आधी नुसती लाज वाटली. रिकाम्या खुर्चीपुढे ताट वाढून मी इतके दिवस आग्रह करत होते. मग लाजेच्या खालून दुःख आलं, आणि ते साधंसुधं नव्हतं, माणूस गेल्याचं होतं. तो विधुर शिक्षक निदान माझ्या टेबलापुरता होता. ही माझ्या पोटात राहून गेली होती, माझ्या हातांनी तिनं आईच्या तोंडात बोटं घातली होती. आणि आता ती नव्हती म्हणजे जे काही होतं ते सगळं माझंच होतं, माझं आणि ज्या बाईकडून ते आलं तिचं. तिचं बिऱ्हाड उठलंच नव्हतं. कठड्याचं लोखंड गार होतं. मला वाटलं बोटं आखडताहेत. कळलं तसं जाणार, मी मनाशी म्हटलं. एखादी जिन्नस चुकून आपल्याकडे आली असावी आणि मालकाला पत्ता लागावा, तसं आता हे बरेपण परत नेतील. मला तो काउंटर दिसला, पार्सलं दिसली, आणि मनगटांत कप धरून बसलेली मी दिसले, समोर कोणीच नाही. कोणी बघायलाही नसणार होतं.

सकाळी जाग आली तेव्हा हात पांघरुणात होते आणि मी ते हलवले नाहीत. हलवले की कळणार. छतावर उजेडाची एक पट्टी होती, ती पुढे सरकेपर्यंत तरी न कळलेलं बरं. शेजारच्या पलंगावरून आई माझ्याकडे बघत होती. किती वेळ बघत होती कोण जाणे.

"आज हसली नाहीस," ती म्हणाली.

मी म्हटलं की झोप मोडायची ना तुझी, मग बरंच झालं. मग मला राहवलं नाही आणि मी विचारलं की हे मी आत्ताच करायला लागले का, की आधीही कधी हसायचे?

"लहानपणी रोज. उजाडताना. माझे हात तेव्हा नवेनवे धरायला लागले होते, सकाळी लाकडं होऊन पडायची. मला उठवत नसे. मग मी पडून तुझी वाट बघायची. तू हसलीस की मग उठायची."

"मग?"

"मग थांबलं ते. तू मोठी झालीस. माझ्याकडे बघायला लागलीस."

हे तिनं तक्रारीनं सांगितलं नाही. दूध उतू गेलं हे सांगावं तसं सांगितलं. छतावरची पट्टी सरकून भिंतीवर आली होती. मी पडल्या पडल्या त्या मुलीचा विचार करत होते जिला अजून कशाचीच भीती नव्हती. ती आपल्या सावकाश चावण्यासकट कुठं गेली असेल असं मी कधी विचारलंच नव्हतं, कारण मला ती आठवतच नव्हती. तिला कोणी बस म्हटलं नव्हतं, तर ती उभीच राहिली असेल इतकी वर्षं.

"ते दात दे बघू इकडे," आई म्हणाली. "किती दिवस पाण्यात ठेवणार?"

मी उठले. डबी फळीवरून घेतली आणि झाकणाला बोटं लावली. उजव्या हातात कळ आली, जुनीच, ओळखीची. झाकण घसरलं. परत धरलं, परत घसरलं. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात आईनं पांघरुणातून दोन्ही हात बाहेर काढले, डबी माझ्याकडून घेतली आणि मनगटांच्या मध्ये दाबून धरली, खांदे आत ओढून, मान पुढे काढून. डबी जागची हलेना इतकी घट्ट.

"आता फिरव," ती म्हणाली.

मी दोन्ही हातांनी फिरवलं. दुखलं, आणि फिरलं. अर्धं पाणी चादरीवर सांडलं. कोणीच रागावलं नाही. मी दात तिच्या तोंडात बसवले, वरचे आणि मग खालचे. तिनं तोंड मिटलं. गाल भरून आले, ओठ वर उचलले गेले आणि फोटोतली ती बाई, तिरक्या दाताची, माझ्यापेक्षा लहान, उशीला टेकून बसली. तिनं एकदा चावून बघितलं, दात दातांवर टक्कन वाजले. जीभ सगळीकडे फिरवली. मी श्वास धरून उभी होते.

"दुसऱ्याचे वाटत नाहीत," ती म्हणाली.

परत एकदा टक्कन वाजवून बघितलं, आणि त्या आवाजाचं तिलाच हसू आलं. तिला हसताना मी पाहिलं असेल कधीतरी, पण ऐकलेलं आठवत नाही. आधी नाकातून, मग थोडं थांबून, मग घशातून बारीक, दोनदा. झोपेत मी कशी हसते ते मला त्या सकाळी पहिल्यांदा ऐकू आलं.